पन्हाळीचं पाणी, बांध आणि शेजारचे नाना

ती. आबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

आईने फोनवर सगळं सांगितलं: शेजारच्या नानांच्या नव्या स्लॅबचं पाणी आपल्या भिंतीवर पडतं, आणि त्यांच्या पुतण्याने आपल्या शेताचा बांध कोरला. फोनवर आकडे आणि कार्यालयांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून लिहून पाठवते आहे. आखाजी झाली, मृगाला अजून वेळ आहे. भिंतीचं काम आणि शेताची मोजणी याच दिवसांत होते, नंतर होत नाही.

पहिली गोष्ट, या दोन्हींचा एकच तंटा करू नका. पन्हाळीचं पाणी नानांच्या घराचं. बांध कोरला तो त्यांच्या पुतण्याने. दोघं एका घरातले असल्यामुळे रागाची गाठ एकच बसली आहे, पण दोन्हींचे कागद, कार्यालयं आणि उपाय वेगळे आहेत. ओट्यावर बसून नानांना बांधाबद्दल बोललात तर ते पुतण्याची बाजू घेणार, आणि जे काम चार दिवसांत होण्यासारखं आहे तेही अडणार.

आधी भिंत, कारण तिला घाई आहे. नानांनी धाबं पाडून स्लॅब टाकला, त्याच्या तीन पन्हाळी आपल्या बाजूला सोडल्या. धाब्याची माती निम्म्या सरी नुसत्या पिऊन टाकायची, उरलेलं पाणी सावकाश उतरायचं. स्लॅब थेंबही पीत नाही. वीस बाय तीसचा स्लॅब म्हणजे सहाशे चौरस फूट, साधारण 56 चौरस मीटर. तासाला 50 मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावरून 2,800 लिटर पाणी खाली येतं, म्हणजे दोनशे लिटरचे चौदा ड्रम, आणि ते सगळं आपल्या मातीच्या भिंतीच्या पायाशी. मातीची भीत वरून भिजली तर वाळते, पायातून भिजली तर बसते. म्हणून भिंतीवर कितीही खर्च केला तरी पाणी थांबल्याशिवाय उपयोग नाही.

उपाय असा. तिन्ही पन्हाळींची तोंडं एका आडव्या पाइपात घ्यायची आणि तो पाइप गल्लीकडच्या कोपऱ्यावरून खाली गटारीत सोडायचा. पाइप 110 मिलिमीटरचा, म्हणजे दुकानात ज्याला चार इंची म्हणतात तो, सांडपाण्याचा. तीस फुटांच्या आडव्या लांबीत निदान चार इंच उतार हवा. गवंड्याला लेव्हलची नळी धरायला लावा, नजरेने उतार काढू देऊ नका. उतार कमी पडला की पाइपात माती आणि पाला बसतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी मधल्या जोडातून पुन्हा आपल्याच भिंतीवर पडतं. वीस फुटी दोन पाइप आणि दहा फुटी एक, तीन टी, दोन एल्बो, दर चार फुटांवर क्लॅम्प, प्रत्येक पन्हाळीच्या तोंडाला जाळी. जोड रबरी रिंगचे घ्या. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पाइप उन्हात लांबतो, रिंगच्या जोडाला थोडी हालचाल करता येते. सोल्युशनने पक्के चिकटवलेले लांब पाइप ताणून एखाद्या जोडाशी तडकतात. पाइपाला बाहेरून रंग द्या, नाहीतर काही उन्हाळ्यांत तो ठिसूळ होतो.

हे नानांना कसं सांगायचं, तेही लिहिते. सकाळी, ते एकटे असताना, आबांनी एकट्यानेच जायचं. गल्लीतले चार लोक सोबत नेऊ नका, माणसांसमोर नाना माघार घेणार नाहीत. बोलणं पाण्याचंच ठेवायचं: "नाना, तुमना स्लॅबनं पानी आमनी भीतवर पडस. पाइप लाई लेऊत, निम्मा खर्च मी देसू." निम्मा खर्च द्यायची आपली कायद्याने जबाबदारी नाही. तरी द्या असं माझं स्पष्ट मत आहे. पडलेली भीत बांधायला याच्या कितीतरी पट पैसे लागतील, आणि नानांचं घर आपल्या घराला लागून राहणारच आहे. रात्री-अपरात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर मी पोहोचण्याआधी तेच दारात येतील.

मात्र एक कागद नक्की करून घ्या. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात (कलम 15) असं आहे की एखाद्याने वीस वर्षं उघडपणे, हरकतीशिवाय आणि हक्क म्हणून दुसऱ्याच्या जागेचा वापर केला, तर तो त्याचा कायमचा हक्क होतो. नानांचा स्लॅब नवा आहे, त्यामुळे या तीन पन्हाळींचा असा हक्क अजून झालेला नाही. जुन्या धाब्याची एक पन्हाळ आपल्या बाजूला होती, तिच्याबद्दल ते म्हणू शकतील, पण जुन्या हक्काचा भार मनाने वाढवता येत नाही. एकीच्या तीन पन्हाळी आणि मातीच्या धाब्याच्या जागी स्लॅब, हे वाढवणंच आहे. आता पाइप त्यांच्या भिंतीवरून पण आपल्या हद्दीच्या वर येणार. म्हणून साध्या कागदावर लिहा की हा पाइप आबांच्या परवानगीने बसवला आहे, देखभाल नानांकडे, आणि आपलं बांधकाम निघालं तर तो सरकवायचा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख. परवानगीने केलेल्या वापराचा हक्क होत नाही, त्यासाठीच हा कागद. त्यांनी नवी खिडकी आपल्या अंगणाकडे काढली आहे, तिलाही हेच लागू. तिच्यावरून आज भांडू नका, त्याच कागदात एक ओळ घाला.

पाइप लागल्यावर भीत लगेच लिंपू नका. पायाची भिजलेली माती आधी वाळू द्या. सिमेंटचं प्लास्टर मातीच्या भिंतीला करू नका. गवंडी तेच सुचवेल, कारण त्याला ते सोपं जातं. सिमेंट आतली ओल बाहेर येऊ देत नाही आणि दोन पावसांत खपलीसारखं सुटून येतं. पांढरी माती, भुसा आणि शेण, किंवा चुन्याचा गिलावा, हेच बरोबर. पायाशी दोन फूट रुंद फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवा.

आता बांध. पुतण्याची केळी उभी आहे, आपलं कपाशीचं रान रिकामं आहे. दरवर्षी रोटाव्हेटर अर्धा फूट आत घेतो, आणि ते एका वर्षात दिसत नाही. हजार फुटी बांधावर अर्धा फूट म्हणजे पाचशे चौरस फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे सव्वादोन वर्षांत एक गुंठा गेला. आबांचा राग खरा आहे. पण दोरी लावून, पावलं टाकून किंवा खासगी माणसाकडून मोजून घेऊन भांडणात काही टिकत नाही. चोपड्याला भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज द्यायचा. सोबत चालू सातबारा आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं-पत्ते. फी क्षेत्रावर आणि प्रकारावर ठरते. द्रुतगतीची भरा, फरक आपण देऊ. साध्या मोजणीची तारीख पेरणीनंतर लागली तर उभ्या पिकातून खुणा रोवता येत नाहीत आणि पुढचा उन्हाळा पाहावा लागतो.

शेजाऱ्यांना नोटीस कार्यालय पाठवतं. तरी पुतण्याला तारीख आपणही कळवा, म्हणजे अंधारात ठेवलं असं त्याला म्हणता येणार नाही. मोजणीच्या दिवशी जुने हद्दीचे दगड, विहीर, नाल्याचा काठ हे सर्व्हेअरला दाखवा, कारण मशीन कितीही नवं असलं तरी मोजणी जुन्या नकाशाशी आणि जागेवरच्या पक्क्या खुणांशीच जुळवावी लागते. दाखवलेल्या जागी त्याच दिवशी दगड किंवा सिमेंटचे पोल दीड-दोन फूट खोल रोवून घ्या. चुन्याची रेघ वखराच्या एका पाळीत पुसली जाते. प्रत्येक पोलाशी उभं राहून फोटो काढा. नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, मागून घ्या, अतिक्रमण असेल तर त्यात दाखवलेलं असतं. त्याला किंवा आपल्याला मोजणी मान्य नसली तर निमताना मोजणी मागता येते, ती वरचा अधिकारी करतो. हद्द सरळ निघाली नाही, उलट आपलाच कोपरा त्याच्यात निघाला, तर तेही मान्य करायची तयारी ठेवूनच अर्ज करा.

मोजणीत हद्द दिसते, पण ताबा आपोआप मिळत नाही. पुतण्या मागे सरकला नाही तर दिवाणी न्यायालयात जावं लागेल, आणि तेव्हा 'क' प्रत हाच आपला आधार. तोपर्यंत बांधावर आलेली त्याची ठिबकची नळी कापू नका, केळीला हात लावू नका. एका रागात नुकसानीचा गुन्हा आपल्यावर येईल आणि बांधाचा विषय मागे पडेल. त्याने शेताचा रस्ता किंवा पाटाचं पाणीच अडवलं तर मात्र थांबू नका. 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. समजुतीची वाट पाहत ही मुदत निघून जाते आणि मग खूप जड जातं.

दोन्हींसाठी एक वही करा. तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं, एवढंच. शिव्या दिल्या तर त्याच शब्दांत लिहा, आपला राग त्यात नको. फोटो फोनमध्ये मूळ ठेवा, नुसते व्हॉट्सॲपवर पाठवून काढून टाकू नका. कोणताही अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. घराचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 जपून ठेवा, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकी त्याने सिद्ध होत नाही. ड्रोनच्या मोजणीनंतर गावठाणाची सनद आणि मालमत्ता पत्रक आपल्याला मिळालं असेल तर हद्दीसाठी ते उपयोगाचं.

आबा पोलिसांचं म्हणत होते. मारहाण किंवा धमकी झाली तर 112 लावाच, त्यात संकोच नको. पण पन्हाळीसाठी किंवा बांधासाठी ठाण्यात गेलात तर बहुतेक अदखलपात्र नोंद होते, तिची प्रत हातात मिळते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. वाद पेटलेला दिसला तर पोलीस चॅप्टर केस, म्हणजे शांतता मोडू नये म्हणून आधीच करायची कारवाई, करतात, आणि ती बहुतेक वेळा दोन्ही बाजूंवर होते. मग सत्तरी ओलांडलेल्या आबांना शांतता राखण्याच्या बाँडसाठी तारखांना जावं लागेल. ते मला नको आहे.

नानांनी पाइपाला नाही म्हटलं तर पुढची पायरी गावातलीच, तंटामुक्ती समिती. 2007 पासूनची ही मोहीम आपल्या गावात आजही नीट चालते का ते सरपंचांना विचारा. त्यांनी मिटवलं तर लेखी घ्या. नाही मिटलं तर चोपड्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, आणि तो आईच्या नावाने. महिलेला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी 15100. दावा दाखल होण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे समझोता झाला की तो न्यायालयाच्या हुकुमासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचून घ्या, विशेषतः देखभालीची आणि मुदतीची.

मागच्या गल्लीतल्या डीजेचं थोडक्यात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. सणासाठी सरकारने ठरवलेले वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, मध्यरात्रीपर्यंत सूट असते. लग्नातला डीजे दहानंतर चालू राहिला तर 112 ला फोन करा. श्रावणातल्या कानबाईच्या रात्रीच्या गाण्यांबद्दल मात्र तक्रार करू नका. ती एका रात्रीची असतात आणि आईही त्यांत बसते.

आता लगेच करायचं ते एवढं: सातबाऱ्याचा आणि सनदेचा फोटो धाकट्याच्या फोनवरून मला पाठवा, गट नंबर नीट वाचता येईल असा. मी मोजणीचा अर्ज भरून ठेवते आणि पाइपाच्या कागदाचा मसुदाही पाठवते. तो हातात येईपर्यंत नानांच्या कुठल्याही कोऱ्या कागदावर सही करू नका आणि भिंतीवर गवंडी चढवू नका.

तुमची,
थोरली