अभ्यासिकेच्या पत्र्यासाठी मदत हवी आहे, यंदा तरी मनावर घ्या (कोपरी, ठाणे पूर्व)

नमस्कार मंडळी, मेसेज मोठा झालाय पण पूर्ण वाचा. आपल्या अभ्यासिकेच्या पत्र्याला उन्हाळ्याआधी पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्यायचाय. मार्च लागला की दुपारी आत बसवत नाही, पंखे गरम हवाच फिरवतात, दहावी-बारावीची आणि एमपीएससीची पोरं वह्या घेऊन शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसतात, आणि तिथूनही उठवतात त्यांना.

ही अभ्यासिका कशी उभी राहिली ते जुन्यांना माहितीये, नव्यांसाठी सांगते. आपल्या मास्तरांनी रिटायर झाल्यावर स्वतःची पुस्तकं आणि पहिले २ पंखे दिले, ते गेल्यावर वहिनींनी त्यांचं टेबलही दिलं, आजही मुलं त्याच टेबलासाठी लवकर येतात. भांड्याच्या दुकानवाल्या काकांनी तर कधी पावतीसुद्धा मागितली नाही. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिमी पडला त्या दिवशी, हायवेने माणसं मुंबईहून चालत घरी येत होती तेव्हा काकांनी दुकानातली नवी कोरी पातेली काढून दिली आणि पोळीभाजीवाल्या मावशींनी रात्रभर खिचडी शिजवली. मंडळाचं नाव झालं ते या लोकांमुळे, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

आता काही जण म्हणतात उन्हाळा काय, आधीपण होताच की. होता, पण असा नव्हता. कारखाने यायच्या आधी हवेच्या दर १० लाख भागात कार्बन डायऑक्साइडचे २८० च्या आसपास भाग होते, आज ४२० च्या वर गेलेत, कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळून, सिमेंट बनवून आणि जंगलं तोडून. हा वायू ऊन आत येऊ देतो पण तापलेल्या जमिनीची उष्णता बाहेर जाताना अडवतो. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं जगातलं सगळ्यात गरम वर्ष, कारखान्यांच्या आधीच्या काळापेक्षा साधारण १.५ अंशाने जास्त. त्यात आपल्याकडे खाडीची दमट हवा, घाम वाळतच नाही म्हणून अंग थंड होत नाही, आणि काँक्रीट दिवसभर तापून रात्रीपण धगधगतं. पावसाचंही तेच, हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, मग पडतो तेव्हा कोसळतोच. २००५ चा पाऊस फक्त यामुळेच आला असं नाही म्हणता येणार, पण तशा पावसाची शक्यता वाढत चाललीये हे नक्की.

आणि हे सगळं सोसायला पुढे कोण, तर ज्यांच्या घरी गाडी नाही, एसी नाही ती मुलं. कोणीतरी सुचवलं की अभ्यासिकेत एसीच लावा. अहो, पत्र्याखालच्या एसीचं बिल मंडळाला झेपणार नाही, आणि आपल्या देशात वीज अजून मुख्यतः कोळशावरच बनते, म्हणजे परत तेच. पांढरा रंग ऊन वरच्या वर परत पाठवतो, एकदा खर्च केला की विजेचा एक युनिट लागत नाही.

एक बोलायचं नव्हतं पण बोलते. मागच्या वर्षी हेच आवाहन टाकलं तेव्हा ग्रुपवर अंगठे आणि हात जोडलेले इमोजी भरपूर आले, पैसे मात्र मोजक्याच घरांतून आले, त्यातही चाळीतली घरं जास्त. इस्त्रीवाल्या दादांनी ५०० दिले, रिक्षा स्टँडवाल्यांनी आपसात गोळा करून दिले, आणि ज्यांची मुलं याच अभ्यासिकेत बसून इंजिनियर झाली त्यांच्यातल्या काहींनी मेसेज बघूनही उत्तर दिलं नाही. वाईट वाटलं. रागावले नाहीये, पण वाईट वाटलं.

तर खर्च ६८ हजार (रंग २ कोट, मजुरी, गळक्या पत्र्यांची दुरुस्ती धरून), मागच्या वर्षीचे २१ हजार बँकेत तसेच आहेत, ४७ हजार कमी पडतायत. रोख, चेक, यूपीआय काहीही चालेल, क्यूआर अभ्यासिकेच्या दाराला लावलाय, खजिनदार काका रोज संध्याकाळी ७ ते ९ तिथेच असतात, पावती लगेच मिळेल, पैसे जमत नसतील तर रविवारी सकाळी पत्रा धुवायला या, ब्रश आणि बादली घरून आणा. रंगारी होळीच्या आत काम करून देतो म्हणालाय पण अर्धा ॲडव्हान्स या शनिवारपर्यंत मागतोय.

– सचिव