ताई, तुम्ही विचारलंत म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही तुमच्या लक्षात असू की नाही कोण जाणे. सासूबाईंचा गुडघा दाखवायला विश्रामबागला तुमच्याकडं फिजिओथेरपीला आलो होतो. व्यायाम करून घेता घेता तुम्ही विचारलंत, "आजी, खोकलं-शिंकलं की लघवी होते का? की लागली की धीरच निघत नाही?" सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाल्या, "दोन्ही."

एका घरात राहून मला पत्ता नव्हता. वास आला की मी चिडायचे. दुपारनंतर त्या पाण्याच्या तांब्याला हात लावायच्या नाहीत, त्याला मी हट्ट म्हणायचे. त्यांनी एकदा एका डॉक्टरांना विचारलं होतं म्हणे. "वय झालं, चालायचंच," एवढंच उत्तर मिळालं.

लघवी आणि साखर तपासून झाल्यावर तुम्ही ३ दिवसांची नोंद ठेवायला लावलीत. सासूबाईंनी ती कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी ठेवली. जाऊन आल्या की टिंब, कपडे भिजले की फुली, चहा झाला की 'च'. दिवसाला ६ 'च' निघाले आणि बहुतेकांच्या मागोमाग फुली! रात्रीच्या फेऱ्यांचं मूळ संध्याकाळच्या बीपीच्या गोळीत होतं. लघवी वाढवणारी गोळी ती. डॉक्टरांना विचारून सकाळी घ्यायला लागल्या. पाणी तोडलं की लघवी कडक होऊन लघवीच्या पिशवीला उलट जास्त टोचते, हे मात्र मला पटायला वेळ लागला.

लघवी आवरायचा व्यायाम तर तुम्ही असा सांगितलात की आम्ही दोघी खो-खो हसलो. "चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवळून धरतो ना, तसं. ५ मोजा, सोडा. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या सैल." १० वेळा, दिवसातून ३ दा. महिनाभर काही फरक दिसेना. मी असते तर सोडून दिलं असतं. त्यांनी तांदूळ निवडताना, मालिका बघताना चालूच ठेवलं. तिसऱ्या महिन्यात फुल्या विरळ झाल्या. जोराची ढास लागली की अजून थेंब जातातच, आणि प्रवासात पॅड असतो.

हो, प्रवास! गेल्या गुरुवारी त्या एसटीनं नरसोबाच्या वाडीला जाऊन आल्या, कितीतरी दिवसांनी. उतरल्यावर आधी बाथरूम कुठंय ते बघून ठेवलं, मग दर्शन. बासुंदी दोन वाट्या झाली. ती कॅलेंडरवर लिहिलेली नाही.

तुमची,
आजींची सून