खुले पत्र: पाच मिलिसाठी शंभरची बाटली

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या एसएनसीयूला (आजारी नवजातांचा विशेष कक्ष) दूधपेढी, म्हणजे इतर मातांनी दान केलेलं दूध साठवणारी पेढी, मंजूर झाल्याचा फ्लेक्स लागला, आभार. फ्लेक्सचा रंग उडाला, पेढी काही आली नाही. या आठवड्यात आल्या त्या २० टक्के अल्ब्युमिनच्या (यकृतात बनणारं रक्तातलं प्रथिन) बाटल्या.

हजार ग्रॅमच्या बाळाच्या रक्तात अल्ब्युमिन डेसिलिटरला दोन-अडीच ग्रॅम असणं हा रोग नव्हे. सातव्या महिन्यात जन्मलेल्याचं यकृत कच्चंच असतं. नुसता आकडा बघून बाटली लावायची नसते. अगदीच अडलं तर किलोला एक ग्रॅम, म्हणजे पाच मिलि, तेही सिरिंज पंपावर चार तास. घाई केली की पाणी रक्तात ओढलं जातं, फुप्फुसं भरतात. पातळ करायला स्टराइल वॉटर वापरलं तर तांबड्या पेशी फुटतात. जंतुसंसर्गात केशवाहिन्या गळतात. दिलेलं अल्ब्युमिन बाहेर झिरपतं आणि सूज वाढते. उघडी बाटली चार तासांनी फेकायची. पाच मिलि बाळाला, पंच्याण्णव बेसिनला. बाजारात चार-पाच हजारांना पडते म्हणे. बेसिनचं पोषण झकास चाललंय!

बाळाला हवीत प्रथिनं, रोज किलोमागे साडेतीन ते चार ग्रॅम. पहिल्याच दिवशी शिरेतून अमिनो ॲसिड, दीड-दोन ग्रॅमपासून चढवत साडेतीनपर्यंत. ते स्टोअरमध्ये नाही. आईच्या दुधाला पर्याय नाही, पण १०० मिलित प्रथिन जेमतेम एक-सव्वा ग्रॅम. किलोला १८० मिलि पाजलं तरी दोनच्या आसपास अडतं. म्हणून दूध किलोला १०० मिलिवर पोचलं की एचएमएफची, म्हणजे आईच्या दुधात घालायच्या पोषक पावडरीची, पुडी मिसळायची. तीही बाहेरून. परवडत नाही म्हणून आई एकीच्या दोन करते, आणि वजनाचा काटा हलत नाही. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षेत आजारी नवजाताची औषधं मोफत आहेत ना? फलक दारात, चिठ्ठी समोरच्या मेडिकलमध्ये, शिव्या आम्हाला.

मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ पासून दूधपेढी चालते. दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवायचं, मग उणे वीसचा फ्रीझर. यात रॉकेट कुठंय? पेढीच्या दुधातही प्रथिन कमीच, तेव्हा पेढी दिली म्हणून पुडी कापू नका. पण खरेदीचं गणित वेगळंच: महाग वस्तूला दहा वाली, पुडीला एकही नाही. वॉर्डाला विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.

सोमवारी आमचा इंडेंट (औषधांचं मागणीपत्र) जातोय. अल्ब्युमिनपुढे दोन लिहिलंय. 'किमान खरेदी पन्नास' असा शेरा मारून तो परत पाठवू नये.

आपले,
एका जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाचे कर्मचारी