रिस्ट्रिक्टेड मोड मुलाला लागत नाही, ब्राउझरला लागतो

महोदय,

मुलांच्या हाती फोन देण्याआधी यूट्यूबचा, प्रौढांसाठीचे व्हिडिओ गाळणारा ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू करा, हा सल्ला आता बहुतेक पालकांना ठाऊक आहे. सल्ला योग्य आहे, पण अर्धाच. फोनच्या अॅपमध्ये हा मोड लावला, तरी त्याच फोनवरच्या ब्राउझरमध्ये तो बंद असू शकतो. संगणकावर ब्राउझरची दोन प्रोफाइल असतील तर दोन्हींत वेगवेगळा लावावा लागतो. टीव्ही तर हमखास राहून जातो! शिवाय ज्या मेनूतून आपण तो चालू करतो, तिथूनच दहा वर्षांचे मूल तो बंद करते.

दुसरी अडचण गाळणीची. व्हिडिओचे शीर्षक, वर्णन, वयाची अट अशा खुणांवरून यंत्रणा निवड करते. ओळखीची कार्टून पात्रे, निरागस शीर्षक आणि आत मारहाण किंवा बीभत्स प्रसंग, अशा व्हिडिओंत या खुणाच खोट्या असतात. 2017 साली असले व्हिडिओ खास मुलांसाठीच्या ‘यूट्यूब किड्स’मध्येही सापडले आणि मोठा गदारोळ झाला होता.

म्हणून लहान मुलांसाठी गाळणीवर विसंबू नये, स्वतः निवडून द्यावे. यूट्यूब किड्समध्ये कोपऱ्यातल्या कुलपाच्या चिन्हावर जाऊन सेटिंग्ज उघडा आणि मुलाच्या प्रोफाइलला फक्त पालकांनी मंजूर केलेले व्हिडिओ दिसतील असा पर्याय निवडा. मग शोधण्याची सोयच बंद होते. मात्र अख्खे चॅनेल मंजूर केले की त्यावरचे सगळेच खुले होते, तेव्हा सुरुवातीला सुटे व्हिडिओच घ्यावेत. काम किचकट आहे, पण तासाभरात वीस-पंचवीस व्हिडिओ जमतात आणि लहान मुले तेच तेच आनंदाने पाहतात. कुलूप उघडायला मुळात गुणाकार विचारला जातो. पाढे येणाऱ्या मुलाला तो काय अडवणार? त्याऐवजी स्वतःचा चार आकडी पासकोड ठेवा.

किड्स अॅप नकोसे झालेल्या मोठ्या मुलांसाठी पालकांच्या खात्याला जोडलेले पर्यवेक्षित खाते काढता येते. त्यात तीन पायऱ्या आहेत: साधारण 9 वर्षांपुढची, 13 वर्षांपुढची आणि प्रौढांसाठी राखलेले सोडून जवळपास सगळे. पालकांच्या खात्यातून लॉगिन केलेला फोन मुलाला दिला, तर ही सारी मेहनत वाया जाते. नेमके हेच सर्वाधिक घडते.

घरच्या वाय-फाय राउटरमध्ये 1.1.1.3 हा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) टाकला की अश्लील संकेतस्थळे अडतात. ते जरूर करावे. पण डीएनएसला संकेतस्थळाचे नाव कळते, त्यावर कोणता व्हिडिओ चालू आहे ते कळत नाही. आणि वाय-फाय सोडून मोबाइल डेटा सुरू केला की राउटरचा पहारा संपतोच.

एवढे करूनही एखादा नको तो व्हिडिओ समोर आलाच, तर मुलावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते लपवेल. व्हिडिओच्या तीन टिंबांतून तक्रार नोंदवा, त्या चॅनेलची शिफारस नको असे कळवा आणि तो व्हिडिओ पाहिल्याच्या इतिहासातून काढून टाका. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. इतिहासात तो राहिला, तर त्याच जातीचे पुढचे व्हिडिओ उद्या मुलासमोर येऊन उभे राहतात.

– एक वाचक