पेनल्टी घालवलेल्या पोराला हे सांग

नॉटिंगहॅम
२० मे २०२३

प्रिय भावा,

तुझा मेसेज आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर आमच्या नॉट्स काउंटीची फायनल होती. फोनवर दोन मिनिटांत सांगून होणारं नव्हतं, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी निवांत लिहायला बसलोय. तुझ्या संघातल्या पोरानं पेनल्टी घालवली, तेव्हापासून ते प्रॅक्टिसला येईना, तू घरी गेलास तर आत जाऊन बसतं. मी त्याच्याशी बोलावं असं तुझं म्हणणं. मी काय बोलणार? इथं यंदा घडलं ते तुला सांगतो. तू त्याला तुझ्या भाषेत सांग.

नॉट्स काउंटीचं वेड मला कसं लागलं ते तुला ठाऊक आहेच. घरापासून ग्राउंड चालत वीस मिनिटांवर. १८६२ सालचा क्लब, व्यावसायिक फुटबॉलमधला जगात सगळ्यात जुना. १८८८ मध्ये इंग्लंडात लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संघांतला एक. इटलीच्या युव्हेंटस क्लबचे काळे-पांढरे पट्टे आपण पोस्टरवर बघायचो ना, ते १९०३ मध्ये यांच्याकडून गेलेत. एवढा मानाचा क्लब २०१९ साली लीगमधूनच, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांतूनच, खाली घसरला आणि पाचव्या पायरीवर, नॅशनल लीगमध्ये आला. ट्रेंट नदीच्या पलीकडे शेजारचा क्लब नॉटिंगहॅम फॉरेस्ट सगळ्यात वरची प्रीमियर लीग खेळतंय आणि अलीकडे आम्ही हे असे. तरी मेडो लेनवर, आमच्या ग्राउंडवर, माणसं येतातच. आजोबांचा हात धरून नातवंडं येतात, अगदी आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेतली येतात तशी.

या लीगचा एक नियम मला आजही पटत नाही. चोवीस संघ, प्रत्येकाचे ४६ सामने आणि थेट वर जाणार एकच. दुसरा आला तरी त्याला प्लेऑफ, म्हणजे वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीची बाद फेरी, खेळावी लागते. यंदा आम्ही ४६ पैकी फक्त तीन सामने हरलो. ११७ गोल मारले, त्यातले ४२ एकट्या मॅकॉली लँगस्टाफचे. गुण १०७! आणि तरी दुसरे. कारण रेक्समचे १११ झाले. तो वेल्सचा क्लब, हॉलिवूडच्या दोन नटांनी विकत घेतलेला, पंधरा वर्षं याच लीगमध्ये अडकलेला. त्यांच्यावर माझा राग नाही, तेही तीनच हरले. पण तिसऱ्या आलेल्या चेस्टरफिल्डचे ८४ गुण, आमच्यापेक्षा २३ कमी, आणि प्लेऑफला दोघे एकाच रांगेत. वर्षभर राबणाऱ्याला हा न्याय नव्हे.

मार्चमध्ये क्लबचे मुख्याधिकारी जेसन टर्नर अचानक गेले. त्या धक्क्यातच एप्रिल उजाडला.

१० एप्रिल, ईस्टरचा सोमवार. रेक्समच्या ग्राउंडवर आमचा सामना, दोघांचेही शंभर-शंभर गुण. मी टीव्हीसमोर. बोस्टॉकच्या फ्री किकवर आम्ही पुढे गेलो. मग त्यांचे दोन, आमचा एक, परत त्यांचा एक. ३-२. वेळ संपलेली, वरची सहा-सात मिनिटंही सरत आलेली, आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. बॉल ठेवला सेड्विन स्कॉटनं. समोर बेन फॉस्टर, चाळिशीचा गोलकीपर, निवृत्ती सोडून दोन-तीन आठवड्यांपूर्वी परत आलेला. मी सात वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय, मला त्या क्षणी फॉस्टरचे फक्त पाय दिसत होते. शेवटपर्यंत त्यानं ते हलू दिले नाहीत. स्कॉटनं मारली आणि फॉस्टरनं अडवली. अख्खं ग्राउंड उसळलं. मी टीव्ही बंद केला, आणि त्या पोराला आज झोप लागायची नाही एवढंच मनात आलं. पुढं २२ एप्रिलला रेक्समनं विजेतेपद घेतलं.

आता नीट वाच. ७ मेला सेमीफायनल, आमच्या ग्राउंडवर, बोरहॅम वुडशी. हाफटाइमला आम्ही ०-२. बॉल्डविन हा बचावातला गडी, त्यानं एक फेडला आणि भरपाईच्या वेळेत दुसरा. माझ्या शेजारचे म्हातारबाबा टोपी तोंडावर धरून बसले होते, त्यांना मी हलवून सांगितलं, गोल झाला म्हणून. जादा वेळेच्या अगदी शेवटी जोडी जोन्सनं तिसरा मारला. आवाज बसला माझा, अजून नीट सुटलेला नाही.

१३ मेला वेम्ब्ली. सकाळी बसनं गेलो. सुरुवातीलाच चेस्टरफिल्डची पेनल्टी, ०-१. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना बोस्टॉकची फ्री किक आत. जादा वेळेत पुन्हा एक-एक. २-२, मग टायब्रेकर, म्हणजे पेनल्टींवर निकाल. तेवढ्यासाठी आमच्या प्रशिक्षकानं, ल्यूक विल्यम्सनं, गोलकीपर बदलला. आर्ची मेअर नावाचा तरुण पोरगा, बाकावरून उठून थेट गोलमध्ये. त्यानं दोन अडवल्या.

आणि शेवटची, जिंकून देणारी पेनल्टी मारायला कोण गेला असेल? सेड्विन स्कॉट. पाच आठवडेही झाले नव्हते. मी वर, फार लांब बसलो होतो. तो अर्ध्या ग्राउंडवरून चालत निघाला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मारली. आत गेली. ४-३. चार वर्षांनी नॉट्स काउंटी लीगमध्ये परत. आजूबाजूची माणसं रडत होती, मीही रडलो.

भावा, त्या पोराला समजुतीच्या गोष्टी सांगू नकोस. आपल्याकडे पेनल्टी हुकलेल्याला पेठ वर्षानुवर्षं ऐकवते, ते तू आणि मी बघितलंय. तू त्याला फक्त हे दोन व्हिडिओ दाखव. आधी एप्रिलचा, पूर्ण, स्कॉटचा चेहरा दिसेपर्यंत. मग मेचा. आणि पुढच्या सामन्यात पेनल्टी मिळाली तर बॉल त्याच्याच हातात दे. बाकीची पोरं कुरकुरतील. कुरकुरू देत.

पार्सलमधून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक टीशर्ट पाठवतोय, त्याच्या मापाचा असावा. थोडा मोठा झाला तर वर्षभरात बसेल. काकूंना नमस्कार सांग, गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलंय ते कळव. मी दिवाळीत येतोय.

तुझाच,
गोलमधला