नाव खोडले, ओळख उरली

महोदय,

गोवंडी, धारावीत क्षयरोगाच्या सर्वेक्षणाला माणसे विश्वासाने दार उघडतात. त्यांच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घातला की काम झाले, असे समजणे धोक्याचे आहे. जन्मतारीख, पिनकोड आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक ओळखता येतील, असे माहितीच्या गोपनीयतेच्या अभ्यासक लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये मांडले. आपल्या चाळीत तर मजला आणि व्यवसाय कळला तरी पुरतो. मग आजार उघड होऊन ठरलेली लग्नेही मोडू शकतात! म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट, पत्त्याऐवजी फक्त वॉर्ड नोंदवावा. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळी, कुलूपबंद असावी. ती कोणाकडे राहणार, कधी नष्ट होणार, हे अशा संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समित्यांनी मंजुरीपूर्वीच लेखी घ्यावे.

– एक वाचक, दादर