दोन रात्रींसाठी बर्कमस्टेडला

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार,

एकाच घरात राहून मी पत्र लिहिते आहे याचे तुम्हाला नवल वाटेल. पण समोर बसून सांगू लागले की आई लगेच "जा गं, खुशाल जा" म्हणते आणि पुढचे सारे माझ्या घशातच राहते. येत्या शुक्रवारी आम्ही दोघे दोन रात्रींसाठी बर्कमस्टेडला जाऊन येणार आहोत. खोलीचे पैसेही भरून झाले आहेत. तुम्ही चार महिन्यांसाठी इतक्या लांबून आलात आणि आम्ही तुम्हाला घरी ठेवून निघालो, हे मनाला लागून राहिले आहे.

मिरजेच्या दवाखान्यातल्या त्या दिवसांनंतर आम्ही दोघे औषधे, बिले आणि रजा यांखेरीज एकमेकांशी फारसे बोललेलोच नाही. यात तुमचा काडीचाही दोष नाही, तसे मनातसुद्धा आणू नका. स्कॉटलंडचा बेत मी मुद्दाम सोडला, कारण बर्कमस्टेड आपल्या हॅरोच्याच रेल्वेमार्गावर आहे. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास, आणि अपरात्री निघावे लागले तरी टॅक्सीने तासाभरात घरी पोहोचता येईल. लंडनला नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्यांचे ते गाव. तिथे कालव्याच्या काठाने चालायचे आणि ॲशरिजच्या रानात झाडांखाली पसरलेली निळी ब्लूबेलची फुले पाहायची, एवढाच बेत आहे.

बाबा, स्टेशनाला लागूनच एक पडका किल्ला आहे. 1066 साली इंग्रज सरदारांनी इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमपुढे याच गावी शरणागती पत्करली, आणि पुढे 1830च्या दशकात रेल्वे आली तेव्हा रुळांसाठी किल्ल्याच्या बाहेरच्या मातीच्या बांधाचा काही भाग कापला गेला. पन्हाळ्यावर माझ्या चपलेचा पट्टा तुटला तेव्हा तुम्ही मला तीन दरवाजापर्यंत पाठुंगळी नेले होते. तुमच्या सदऱ्याला येणारा उन्हाचा वास मला अजून आठवतो. हा किल्ला सपाटीवर आहे, जून महिन्यात तुम्हाला माझा हात धरून दाखवीन.

आता नीट ऐका. गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरून चहाच्या डब्याशेजारी ठेवला आहे. रक्त पातळ करणारी गोळी एकदाही चुकवायची नाही. घर 21 अंशांवर ठेवले आहे, बॉयलरला हात लावू नका. पोळ्या, वरण आणि दुधीची भाजी फ्रीजमध्ये आहे, तेव्हा आईने दोन दिवस ओट्याशी उभे राहायचे नाही. शेजारच्या गुजराती काकू सकाळ-संध्याकाळ डोकावतील. छातीत जरा जरी दुखले तरी आधी ॲम्ब्युलन्ससाठी 999 लावायचा, मग मला. "तिला कशाला त्रास" हा विचार मला चालणार नाही.

रविवारी दुपारी जेवायला आम्ही घरी आहोत. तेव्हा मात्र आमटी आईच्या हातचीच हवी.

तुमची,
चिमी